मध्यस्थ म्हणून करिअर करायचंय? कायदा झाला, कोर्सही आले; पण यावर घर चालतं का?

दोन भाऊ. वडिलांची जमीन वाटून बरीच वर्षं झाली. थोरल्याचं रान आत, धाकट्याचं डांबरी रस्त्याला लागून. थोरल्याला ऊस बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर-ट्रॉली धाकट्याच्या रानातून न्यावी लागते. एका वर्षी धाकट्यानं वाट अडवली. प्रकरण तहसीलदारांकडे गेलं, एकाच्या बाजूनं आदेश निघाला, दुसरा त्याच्याविरुद्ध वर गेला, मग दिवाणी दावा. सात वर्षं तारखा सुरू आहेत. दोन्ही घरांतल्या पोरांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे.

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण सांगली, सातारा किंवा सोलापुरातल्या कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात तासभर बसलात, तर असे दोन भाऊ तुम्हाला नक्की भेटतील.

समजा, एके दिवशी न्यायाधीश म्हणतात की हा दावा मध्यस्थीसाठी पाठवतो. दोघं भाऊ आपापल्या वकिलांसोबत कोर्टातल्याच एका खोलीत जातात. तिथे काळा कोट नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. एक टेबल, पाच-सहा खुर्च्या, पाण्याची बाटली आणि एक तिसरी व्यक्ती. ती निकाल देणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकते.

गेल्या काही वर्षांत या तिसऱ्या व्यक्तीच्या कामाची चर्चा खूप वाढली आहे. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. 'मेडिएटर बना' असं सांगणाऱ्या कोर्सच्या जाहिराती इन्स्टाग्रामवर दिसू लागल्या. मग प्रश्न येतो, हा खरंच पेशा आहे का? की वकिली, नोकरी सांभाळून करायचं काम?

खोलीत नेमकं काय होतं?

आधी दोघांना एकत्र बसवून बोलायला लावलं जातं. इथे बहुतेक वेळा सात वर्षांची भडास बाहेर पडते. थोरला म्हणतो, "वहिवाट आमच्या आज्यापासनं आहे." धाकटा म्हणतो, "आज्याच्या टायमाला बैलगाडी होती, आता दहा टनांची ट्रॉली जाती." मध्यस्थ दोघांना थांबवत नाही, फक्त एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याला थांबायला सांगतो.

मग दोघांशी वेगवेगळं बोलणं होतं. प्रशिक्षणात याला 'कॉकस' म्हणतात, सोप्या भाषेत स्वतंत्र बैठक. इथे सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला कळवायची नाही, असा नियम आहे. म्हणून माणसं इथे जरा मोकळी होतात.

"तुमचं नेमकं नुकसान काय होतं?" असं विचारल्यावर धाकटा सांगतो की रस्त्याला त्याचा विरोधच नाही. ट्रॉली गेली की ठिबकच्या नळ्या फुटतात आणि दरवर्षी दुरुस्तीचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. थोडा वेळ गप्प राहून तो आणखी एक गोष्ट सांगतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला थोरल्यानं त्याला बोलावलं नव्हतं. वाट त्याच वर्षी अडवली गेली.

तिकडे थोरल्याला विचारलं जातं, "रस्ता तुम्हाला बारा महिने लागतो की तोडीच्या वेळी?" उत्तर येतं, ट्रॉली फक्त तोड आली की लागते. एरवी मोटरसायकल गेली तरी पुरे.

इथून पुढे तोडगा दिसू लागतो. कडेनं ठरावीक रुंदीची पट्टी, ट्रॉली फक्त तोडीच्या दिवसांत. मुख्य पाइप जाड आवरणात घालून जमिनीखाली घ्यायचा, खर्च थोरल्याचा. तोडीची तारीख कळली की चार दिवस आधी फोन. हे सगळं लिहून सह्या होतात, कागद कोर्टात जातो आणि त्यावर हुकूमनामा होतो. वर्षश्राद्धाचा विषय त्या कागदात कुठेच नसतो. पण तो विषय निघाला नसता, तर हा कागदही झाला नसता.

न्यायाधीशाला असा निकाल सहसा देता येत नाही. त्याच्यासमोरचा प्रश्न इतकाच असतो, की वहिवाटीचा हक्क आहे की नाही. ठिबकच्या नळ्या दाव्यात नव्हत्याच.

अर्थात प्रत्येक वेळी असं होत नाही. अनेक प्रकरणं दोन-तीन बैठकांनंतर 'समझोता झाला नाही' असा एका ओळीचा अहवाल घेऊन कोर्टात परत जातात. त्या अहवालात कोण अडून बसलं हे लिहायचं नसतं.

पंच नाही, लवाद नाही, आणि मांडवली तर नाहीच

मराठीत 'मध्यस्थ' या शब्दावर बरंच ओझं आहे. लग्न जमवणारा मध्यस्थ, जमिनीच्या व्यवहारात टक्केवारी घेणारा मध्यस्थ, आणि मुंबईच्या भाषेत मांडवली करून देणारा 'भाई'. मांडवलीत ज्याची ताकद जास्त, त्याच्या बाजूनं माप झुकतं. कायद्यातल्या मध्यस्थीत ताकदीचा असा वापर झाला, तर ती मध्यस्थी फसलेली असते.

लवाद वेगळा. तो खासगी न्यायाधीशासारखा असतो. पुरावे बघतो, निर्णय देतो आणि तो निर्णय दोन्ही बाजूंना बांधील असतो. लोकअदालतीत एका दिवसात शेकडो प्रकरणं निघतात. तिथे बहुतेकदा अपघाताची भरपाई, बँकेची थकबाकी असे आकड्यांवर मिटणारे विषय असतात. मध्यस्थीत एका प्रकरणाला तासन् तास, कधी चार-पाच बैठका दिल्या जातात आणि शेवटचा शब्द पक्षकारांचाच असतो.

गावपातळीवर महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगावी समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली, वेशीवर फलक लागले. काही गावांत खरोखर वाद मिटले, काही ठिकाणी समितीचा अध्यक्ष कोण यावरूनच तंटा झाला! २०२३ च्या कायद्यातही 'सामुदायिक मध्यस्थी' हा प्रकार आहे. परिसरातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांचं पॅनेल नेमायची त्यात सोय आहे.

पण जातपंचायत ही मध्यस्थी नव्हे. तिथे पंच फर्मान काढतात आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकतात. त्याविरोधात महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराला बंदी घालणारा स्वतंत्र कायदाच केला आहे. 'आम्ही पण मिटवतोच की' असं म्हणणाऱ्यांना हा फरक सांगावा लागतो.

कायद्यानं दार कधी उघडलं?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे पहिलं मोठं पाऊल. कोर्टात आलेला दावा मध्यस्थी, लवाद किंवा लोकअदालतीकडे पाठवण्याची वाट त्यानं मोकळी केली. १९९९ ची ही दुरुस्ती १ जुलै २००२ पासून लागू झाली. ती आली तेव्हा प्रशिक्षित मध्यस्थ जवळपास नव्हतेच. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्यस्थी आणि समेट प्रकल्प समिती नेमली. कोर्टातली मध्यस्थी केंद्रं आणि मध्यस्थांचं प्रशिक्षण देशभर पसरवण्याचं बरंचसं श्रेय या समितीला जातं. चेन्नई, दिल्ली आणि बंगळुरू या शहरांनी सुरुवातीच्या काळात आघाडी घेतली.

पुढचा टप्पा व्यापारी वादांचा. २०१८ मध्ये व्यावसायिक न्यायालय कायद्यात कलम १२अ आलं. ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करायचा, असं ते कलम सांगतं. ही अट बंधनकारक आहे की नुसती सूचना, यावर बराच घोळ झाला. शेवटी 'पाटील ऑटोमेशन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑगस्ट २०२२ रोजी सांगितलं की ती बंधनकारकच आहे आणि ती टाळून केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो.

मग आला मध्यस्थी अधिनियम, २०२३. ऑगस्टमध्ये संसदेनं तो मंजूर केला आणि सप्टेंबरमध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मध्यस्थी १२० दिवसांत संपवायची, दोन्ही पक्षांची तयारी असेल तर आणखी ६० दिवस. सह्या झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. त्याला आव्हान देण्याची कारणंही मोजकीच आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, किंवा मुळात तो विषयच मध्यस्थीत बसणारा नसणं. मध्यस्थांची नोंदणी आणि संस्थांची मान्यता यांसाठी भारतीय मध्यस्थी परिषद ही यंत्रणाही याच कायद्यातली.

करिअरच्या दृष्टीनं या कायद्याच्या इतिहासातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत आलेल्या मूळ विधेयकात दिवाणी आणि व्यापारी दाव्यांआधी मध्यस्थीची सक्ती होती. संसदीय समितीनं त्यावर शंका घेतल्या आणि अंतिम कायद्यात दाव्याआधीची मध्यस्थी ऐच्छिक झाली. सक्ती राहिली असती तर मध्यस्थांकडे कामाचा पूर आला असता. आता व्यापारी वाद सोडले, तर लोकांना आधी पटवून द्यावं लागतं की ही वाट वापरून बघा.

शिवाय कायद्याची सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी काहीच लागू झाली. त्यामुळे 'कायदा झाला म्हणजे उद्यापासून नोकऱ्या' हे जाहिरातीतलं गणित जुळत नाही.

मध्यस्थ कोण होऊ शकतं?

कायद्याची पदवी हवीच का? नाही. २०२३ चा कायदा मध्यस्थ वकीलच असावा असं म्हणत नाही. पक्षकार आपसांत ठरवून कुणालाही मध्यस्थ नेमू शकतात. इंजिनिअर, सीए, डॉक्टर, समाजकार्यकर्ता, निवृत्त शिक्षक, कुणीही चालेल.

कोर्टाच्या पॅनेलवर यायचं असेल तर गोष्ट बदलते. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये 'सेलम बार असोसिएशन' खटल्यात मान्य केलेल्या नमुना नियमांत निवृत्त न्यायाधीश, किमान १५ वर्षं वकिली केलेले वकील आणि किमान १५ वर्षं अनुभव असलेले इतर क्षेत्रांतले तज्ज्ञ अशी यादी आहे. प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम वेगळे असल्यानं अटी थोड्याफार बदलतात, पण अनुभवाचा आग्रह सगळीकडे दिसतो. त्यावर ४० तासांचं प्रशिक्षण. प्रकल्प समितीनं ४० तासांच्या जोडीला प्रत्यक्ष १० मध्यस्थीही आवश्यक मानल्या आहेत.

म्हणजे पंचविशीत कोर्टाच्या पॅनेलवर नाव लागणं जवळपास अशक्य. हे अन्यायाचं वाटू शकतं. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या जोडप्याच्या भांडणात बसायला थोडे पावसाळे पाहिलेला माणूस हवा, असं पक्षकारांनाही वाटतं. ते चूक की बरोबर हा वेगळा वाद, बाजार मात्र तसाच चालतो.

४० तासांत काय शिकवतात?

कायदा त्यात कमीच असतो. सगळा भर ऐकण्यावर आणि प्रश्न विचारण्यावर. प्रशिक्षणार्थींना नवरा-बायको, बिल्डर-ग्राहक, भागीदार अशा भूमिका देऊन खोटी भांडणं लावली जातात आणि बाकीचे बघत बसतात. वकिलांना हे सगळ्यात जड जातं म्हणतात, कारण वीस वर्षं बाजू मांडायची सवय झालेला माणूस दहा मिनिटांत सल्ला द्यायला लागतो.

एक तंत्र समजून घेण्यासारखं आहे. पक्षकार ओरडतो, "तो चोर आहे, चोर!" मध्यस्थ तेच पुन्हा मांडतो, "म्हणजे गेल्या दोन वर्षांचा हिशोब तुम्हाला नीट दाखवला गेला नाही, असं तुम्हाला वाटतं." आरोप मागे पडतो, मुद्दा शिल्लक राहतो. चोर या शब्दावर चर्चा होऊ शकत नाही, हिशोबावर होऊ शकते.

दुसरं तंत्र म्हणजे वास्तवाची चाचणी. स्वतंत्र बैठकीत मध्यस्थ शांतपणे विचारतो की आज इथे काही ठरलं नाही, तर पुढची पाच वर्षं कशी जातील? वकिलाची फी किती, कामाचे किती दिवस बुडतील, आणि हरलात तर? यात धमकीचा सूर आला की विश्वास गेला. तो सूर येऊ न देणं हे कागदावर शिकता येत नाही, म्हणून पहिली दहा प्रकरणं अनुभवी मध्यस्थाशेजारी बसून करण्याला इतकं महत्त्व आहे.

आणि तोंड बंद ठेवणं. मध्यस्थीत झालेलं बोलणं गोपनीय असतं, त्याचं रेकॉर्डिंग चालत नाही आणि मध्यस्थाला नंतर साक्षीला बोलावता येत नाही. ज्या वादात मध्यस्थी केली, त्याच वादात नंतर एका बाजूची वकिली करणं किंवा लवाद म्हणून बसणंही कायद्याला मान्य नाही. पक्षकारांपैकी कुणाशी नातं किंवा व्यवहार असेल तर तो आधीच उघड करावा लागतो. मोठं यश मिळालं तरी त्याची पोस्ट टाकता येत नाही, हे आजच्या काळात अवघडच म्हणायचं.

देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अयोध्येचं. ८ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती एफ. एम. आय. कलिफुल्ला, श्री श्री रविशंकर आणि ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांचं मध्यस्थ मंडळ नेमलं. तिघांमध्ये पंचू हे मध्यस्थीच्या क्षेत्रात अनेक वर्षं काम केलेलं नाव. बैठका बंद दाराआड झाल्या, समझोता झाला नाही, ऑगस्टपासून रोज सुनावणी सुरू झाली आणि ९ नोव्हेंबरला निकाल आला.

पैसे किती मिळतात?

कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात पक्षकारांना सहसा काही द्यावं लागत नाही. मध्यस्थाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मानधन मिळतं. ते राज्यागणिक बदलतं, पण एका प्रकरणामागे काही हजार रुपये इतकीच त्याची झेप आहे. चार बैठका, त्यांची तयारी, कराराचा मसुदा हे सगळं त्यातच. त्यामुळे तिथे काम करणारे बहुतेक वकील या कामाकडे अर्धं समाजकार्य म्हणूनच बघतात.

व्यापारी वादांत चित्र जरा बरं आहे. दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठी २०१८ च्या केंद्रीय नियमांत शुल्काचा तक्ता आहे. ३ ते १० लाखांच्या वादासाठी १५ हजार रुपये, ३ कोटींच्या वर ७५ हजार. ही रक्कम दोन्ही पक्षांनी निम्मी-निम्मी प्राधिकरणाकडे भरायची असते. गोम अशी की समोरची बाजू आलीच नाही, तर मध्यस्थी सुरूच होत नाही. अशा प्रकरणांना 'नॉन-स्टार्टर' म्हणतात आणि त्यांची संख्या हीच या योजनेबद्दलची मोठी तक्रार आहे. अनेक कंपन्यांसाठी कलम १२अ म्हणजे दावा लावण्याआधी मारायचा एक शिक्का झाला आहे.

खरा पैसा खासगी मध्यस्थीत आहे. कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीची वाटणी, बांधकाम कंत्राटं, भागीदारी फुटणं, अशा वादांत फी तासावर किंवा दिवसावर ठरते. पण तिथे माणूस नाव ऐकून येतो. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरूमध्ये यावर पूर्णवेळ व्यवसाय करणारे मध्यस्थ आहेत, मात्र ते मोजकेच. त्यांतल्या बहुतेकांनी आधी दुसऱ्या पेशात वीस-पंचवीस वर्षं घालवली आहेत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. भारतात मध्यस्थी आज तरी पहिला पेशा नाही, दुसरा आहे. आधी एखाद्या क्षेत्रात तुमच्या शब्दाला वजन यावं लागतं, मग त्या क्षेत्रातले वाद तुमच्याकडे येतात.

काम कुठे आहे?

कौटुंबिक न्यायालयं ही सगळ्यात मोठी जागा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात आधी समझोत्याचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच मानलं आहे. महाराष्ट्रात या न्यायालयांमध्ये विवाह समुपदेशक असतात आणि समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी ही पगारी वाट आहे. मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन किंवा पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था इथून समाजकार्य शिकलेल्यांनी तिचा विचार करायला हरकत नाही. समुपदेशक आणि मध्यस्थ ही कामं वेगळी आहेत, पण हात बसायला याहून चांगली जागा सापडणं कठीण.

दुसरी जागा घरखरेदीचे वाद. महारेरानं २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. ताबा रखडलाय, सुविधा दिल्या नाहीत, पैसे परत हवेत अशा तक्रारी तिथे जातात. विकासकांच्या संघटनेचा एक आणि ग्राहक संघटनेचा एक, असे दोन प्रतिनिधी सलोखाकार म्हणून बसतात. ग्राहक चळवळीत काम केलेल्या, कायद्याची पदवी नसलेल्या माणसालाही इथे जागा मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही ग्राहक आयोगांना जोडून मध्यस्थी कक्षांची तरतूद आहे.

तिसरी जागा ऑनलाइन. शेअर बाजारातल्या गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी सेबीनं २०२३ मध्ये 'स्मार्ट ओडीआर' पोर्टल आणलं. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद, असा त्याचा क्रम आहे. कर्जवसुली, ई-कॉमर्स, विमा अशा छोट्या रकमांच्या वादांत काम करणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. विशीतल्या तरुणांना आज प्रत्यक्ष पगाराची नोकरी मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथेच आहे, मात्र मध्यस्थ म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंना फोन करणं, तारीख जुळवणं, कागद तयार ठेवणं असं ते केस मॅनेजरचं काम असतं.

सरकारी पातळीवरही जोर आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' ही ९० दिवसांची मोहीम राबवली. चेक न वटणं, अपघात भरपाई, घटस्फोट, वाटणी, भाडेकरूचे वाद असे अनेक प्रकार त्यात होते. देशात प्रलंबित खटल्यांचा आकडा ५ कोटींच्या आसपास आहे. तेव्हा कामाची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्या कामाचे पैसे देणाऱ्यांची.

जिथे मध्यस्थी करायची नाही

काही विषय कायद्यानंच बाहेर ठेवले आहेत. गुन्ह्यांचे खटले साधारणपणे मध्यस्थीत येत नाहीत, तडजोडीला कायद्यानं मुभा दिलेल्या गुन्ह्यांची गोष्ट वेगळी. करांचे वाद, आणि ज्यांच्या निकालाचा परिणाम खोलीबाहेरच्या तिसऱ्या माणसाच्या हक्कांवर होतो असे काही वादही बाहेर आहेत.

खरी कसोटी मात्र यादीत नसलेल्या ठिकाणी लागते. समोर नवरा-बायको बसलेत. बाई सगळ्याला हो म्हणतेय, पण प्रत्येक उत्तराआधी नवऱ्याकडे बघतेय. कागदावर समझोता व्हायला दहा मिनिटं पुरतील आणि आकडेवारीत ते प्रकरण 'निकाली' दिसेल. चांगला मध्यस्थ इथे थांबतो, स्वतंत्र बैठक घेतो, तिला वकील किंवा संरक्षण अधिकाऱ्याची मदत आहे का ते बघतो आणि गरज पडली तर मध्यस्थी बंद करतो. कौटुंबिक वादात मध्यस्थीचा प्रयत्न व्हावा असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये 'के. श्रीनिवास राव' खटल्यात सांगितलं होतं. छळाच्या तक्रारीतही समझोत्याची शक्यता दिसली तर पक्षकारांना ती वाट दाखवावी, पण त्या तक्रारीची धार बोथट होता कामा नये, असाही त्या निकालाचा रोख होता. 'जुळवून घे' असं माहेर आणि सासर दोन्हीकडून ऐकून आलेल्या बाईला कोर्टातही तेच ऐकावं लागलं, तर तिच्यासाठी मध्यस्थी म्हणजे आणखी एक बंद दार.

विशीत असाल तर

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मध्यस्थी हा विषय आता टाळता येत नाही. बार कौन्सिलनं २०२० मध्ये एलएलबीच्या अभ्यासक्रमात तो सक्तीचा केला. कॉलेजांमधल्या मध्यस्थी स्पर्धांमध्ये भूमिका घेऊन हात साफ करता येतो. वकिली सुरू केल्यावर आपल्या अशिलासोबत मध्यस्थीला जाणं, समोर बसून अनुभवी मध्यस्थ कुठे गप्प बसतो हे बघणं, हेही शिक्षणच. मध्यस्थीत अशिलाला चांगली साथ देणाऱ्या वकिलाची फीसुद्धा मध्यस्थाच्या मानधनापेक्षा सहसा जास्त असते!

इतर क्षेत्रांतल्यांनी आपलं क्षेत्र सोडू नये, त्यातले वाद धरावेत. सिव्हिल इंजिनिअरला बांधकामाच्या बिलांची भांडणं कळतात. एचआरमधल्या माणसाला कामाच्या ठिकाणचे तंटे कळतात. सीएला भागीदारीचा हिशोब कळतो. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर पाच वर्षं काढलेल्या माणसाला तर गळती, पार्किंग आणि ना-हरकत दाखल्यावरून काय काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

कोर्सला पैसे भरण्याआधी काही प्रश्न थेट विचारा. हे प्रशिक्षण ४० तासांचं आहे का, आणि त्यातले किती तास प्रत्यक्ष सरावाचे? शिकवणाऱ्यांनी स्वतः किती मध्यस्थी केल्या आहेत? कोर्स झाल्यावर अनुभवी मध्यस्थाशेजारी बसायला मिळेल का? कोणत्या कोर्टाचं किंवा संस्थेचं पॅनेल हे प्रमाणपत्र मानतं? 'आजीवन सरकारी मान्यता' असं लिहिलेलं दिसलं, तर ती मान्यता कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे, हे लेखी मागा.

आणि त्याआधी आपल्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एक फेरी मारा. मध्यस्थी केंद्र कुठे आहे, पॅनेलवर कोण आहेत, पुढचं प्रशिक्षण कधी आहे, हे तिथे समजेल. चौकशीला फी नाही.